पदक कोणाचे?

गेल्या मार्गशीर्षात आमचा पुतण्या बर्लिनहून महिनाभराच्या रजेवर घरी आला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याने प्रत्येकासाठी काही ना काही आणले होते. स्त्रियांस शाली, मुलांस चॉकोलेटे आणि आम्हांस वाचावयाचे एक उत्तम भिंग. आमच्या धाकट्या नातवास जुनी नाणी जमविण्याचा नाद आहे. त्याच्यासाठी तेथील रविवारच्या जुन्या बाजारातून घेतलेले एक रशियन युद्धपदक आणि त्यासोबतची तळहाताएवढी तांबडी पुस्तिका अशी जोडी कागदाच्या पुडीत बांधून आणली होती. पुडी सोडली, पदक हातोहात फिरले, वहिनींनी ते चांदीचे आहे की काय म्हणून नखाने टोकरून पाहिले आणि अखेरीस ते ज्याचे त्याच्या हाती आले. त्याने ते उलटसुलट केले व एकच प्रश्न विचारला, "आजोबा, हे कोणाचे?"

आम्ही म्हणालो, "तुझे."

"तसे नाही. आधी कोणाचे होते?"

तीस वर्षे आम्ही वर्गात षष्ठी विभक्ती शिकविली. संबंध हा तिचा अर्थ, आणि संबंधाचे प्रकार अनेक, हेही फळ्यावर लिहून दिले. परंतु एवढ्याशा षष्ठीचा अर्थ लावण्यात घरातील दहा माणसांचे चार महिने जातील असे आम्हांस त्या सायंकाळी वाटले नव्हते.

प्रथम वस्तू कशी आहे ते सांगतो. रुपयाहून बरेच मोठे, सदतीस मिलिमीटर व्यासाचे चांदीचे वर्तुळ. वरच्या अंगास तीन विमाने, खाली एक रणगाडा आणि मध्ये तांबड्या मिन्यात दोन शब्द, 'जा अत्वागू', म्हणजे 'शौर्याबद्दल'. तांबडा मिना दोन-तीन अक्षरांतून उडून गेला होता. पदक एका पाचकोनी पट्टीस कडीने टांगलेले, आणि पट्टीवर राखाडी रेशमी फीत, दोन्ही कडांस निळी रेघ. मागील बाजू मात्र अगदी सपाट, आणि तीवर केवळ एक सात आकडी क्रमांक. नाव नाही, गाव नाही, वर्ष नाही.

हे पदक सोव्हिएट सरकारने 17 ऑक्टोबर 1938 रोजी सुरू केले. आरंभी ते एका लहान तांबड्या चौकोनी फितीस टांगत असत. राखाडी फितीची पाचकोनी पट्टी 1943 सालच्या जूनपासून आली. त्यावरून आमच्या घरी आलेले पदक बहुधा युद्धाच्या उत्तरार्धातले असावे, एवढे अनुमान पहिल्याच दिवशी निघाले आणि नातवास मोठा हुरूप आला. महायुद्धात हे पदक चाळीस लाखांहून अधिक वेळा दिले गेले. आकडा ऐकून कोणास वाटेल की, मग त्याची किंमत ती काय! परंतु त्या सैन्यात कोट्यवधी माणसे होती, हे ध्यानी घ्यावे. शिवाय 1942 च्या नोव्हेंबरापासून पलटणीच्या प्रमुखास हे पदक स्वतःच्या अधिकारात देता येऊ लागले. म्हणजे ज्याने धाडस प्रत्यक्ष पाहिले किंवा दुसऱ्या दिवशी ऐकले, त्याच्याच सहीने ते मिळे. सामान्य शिपायांत त्यास जो मान होता, तो पुष्कळ मोठ्या मानचिन्हांस नव्हता, असे रशियन लोक आजही सांगतात.

सोव्हिएट पदकांचे दोन वर्ग मनात पक्के केले पाहिजेत, नाहीतर शोध करणारा फुकट शिणतो. मोहिमांची पदके, उदाहरणार्थ लेनिनग्राडच्या किंवा स्टालिनग्राडच्या संरक्षणाबद्दलची, अथवा 1945 च्या मे महिन्यात सुरू झालेले जर्मनीवरील विजयाचे पदक, ह्यांवर क्रमांक नसतो. विजयाचे पदक तर सुमारे दीड कोटी लोकांस मिळाले. तसले पदक हाती आल्यास ते कोणाचे हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण पदकास स्वतःलाच ते ठाऊक नसते. याउलट शौर्याची पदके व मानचिन्हे ह्यांवर त्या काळी क्रमांक घालीत, आणि तो क्रमांक मानकऱ्याच्या पुस्तिकेत व सरकारदप्तरी एका पत्रकावर चढवीत. ह्या काटेकोरपणास व्यवहाराचेही कारण होते. पदकाबरोबर दरमहा रोख रक्कम मिळे. 'शौर्याबद्दल'च्या पदकास दहा रूबल, 'लाल तारा' ह्या मानचिन्हास पंधरा. 1948 च्या आरंभी ही रक्कम देणे बंद झाले. पैशांचा संबंध आला म्हणजे जगातील कोणताही कारकून क्रमांक नीट लिहितो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

तर पुस्तिका उघडली. तीत नाव होते. शाईने लिहिलेले, फिकट, पण वाचता येण्याजोगे, निदान ज्यास रशियन येते त्यास. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची कन्या रशियात पाच-सहा वर्षे राहून वैद्यकी शिकून आली आहे. तिला बोलाविले. ती बिचारी दवाखान्यातून दमून येई, तरी दर रविवारी सायंकाळी आमच्या माजघरात बसून तिने हे काम केले. तिचे ऋण आम्ही ह्या घरातील थालीपिठांनी फेडण्याचा यत्न केला आहे.

रशियन हस्ताक्षराची गंमत अशी की, छापील अक्षर एक व लेखणीने लिहिलेले निराळेच. छापील 'त' हा लिहिताना इंग्रजी 'एम'सारखा दिसतो, आणि दोन-तीन अक्षरे एकापुढे एक आली म्हणजे नुसत्या उभ्या रेघांचे कुंपण होते. आम्हांस आमच्या आजोबांच्या मोडी दस्तऐवजांची आठवण झाली. तेथेही वाचणाऱ्यास अर्धे डोळ्यांनी व अर्धे तर्काने वाचावे लागते आणि नावे येतात तेथे तर्कही थकतो.

पण नाव लागल्यावर जे दिसले त्याने आम्हांस फार संतोष झाला. रशियन मनुष्याचे पूर्ण नाव तीन पदांचे: स्वतःचे, बापाचे आणि आडनाव. अगदी आपल्या महाराष्ट्रातल्यासारखे! भेद इतकाच की, आपण बापाचे नाव जसेच्या तसे ठेवतो आणि ते त्यास 'ओविच' असा प्रत्यय लावून 'अमक्याचा पुत्र' असे करतात. मुलीस 'ओव्ना'. दशरथाचा तो दाशरथि, असे जे आपल्याकडे अपत्यार्थी तद्धित आहे, तेच तेथे रोजच्या व्यवहारात जिवंत आहे. पाणिनीने ज्यासाठी सूत्रांची मोठी रांग लावली ते काम रशियातला टपालवाला रोज करतो, हे पाहून कोणत्याही संस्कृत शिक्षकाचे मन प्रसन्न होईल. शिवाय 1943 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या त्यांच्या एका मानचिन्हाचे नाव 'स्लावा', म्हणजे कीर्ती. हा शब्द आपल्या 'श्रु' धातूचा सख्खा भाऊबंद. ज्याविषयी ऐकू येते ती कीर्ती, म्हणून वेदात कीर्तीस 'श्रवस्' म्हटले. ह्यावर आम्ही अर्धा तास बोललो. नातू म्हणाला, "आजोबा, त्या माणसाचे काय?" असो.

त्या माणसाचे नाव आम्ही येथे देत नाही. त्याची मुलेनातवंडे कोठेतरी असतील, आणि त्यांस न विचारता एका परक्या भाषेतल्या मासिकात ते छापणे बरे नाही.

युद्धकाळातील लष्करी कागदपत्रांचा मोठा साठा मॉस्कोजवळ पदोल्स्क येथे संरक्षण खात्याच्या मध्यवर्ती दप्तरखान्यात आहे. हे दप्तर 1936 साली स्थापन झाले. जर्मन फौजा मॉस्कोकडे येऊ लागल्या तेव्हा 1941 मध्ये ते दूर पूर्वेस बुझुलुक गावी हलविले आणि 1946 साली पदोल्स्क येथे आणून ठेवले. पदके देण्याचे हुकूम व त्यांच्या शिफारशी ह्यांची छायाचित्रे काढून 2010 सालापासून ती कोणालाही घरबसल्या पाहता येतील अशी सोय त्या सरकारने केली. मात्र तेथे शोध नावाने घ्यावा लागतो. नुसत्या क्रमांकाने मनुष्य सापडत नाही. क्रमांकाची पत्रके दप्तरखान्याच्या आत असतात आणि तेथवर आपल्यासारख्यांचा हात पोचत नाही. म्हणून पदकापेक्षा ती फाटकी पुस्तिकाच मोलाची ठरली.

नाव घातले आणि एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोघे निघाले! हे रशियात नित्याचे आहे. आपल्याकडे 'कुलकर्णी गोविंद विष्णू' असे शोधल्यास काय होईल, तीच गत. उझबेक, कझाक, तातार अशा शिपायांचे तर ह्याहून बिकट. त्यांची नावे पलटणीतल्या रशियन कारकुनाने कानाला जशी लागली तशी लिहिली. एकच मनुष्य तीन कागदांवर तीन नावांनी सापडतो आणि चौथ्यावर सापडतच नाही. आमचा मनुष्य रशियन असल्यामुळे ती पंचाईत टळली, पण दोघांपैकी कोणता हा प्रश्न राहिलाच. तो सोडविला पुस्तिकेनेच. तीत 'शौर्याबद्दल'च्या पदकाखाली दुसरी एक नोंद होती, 'लाल तारा'. दोघांपैकी एकाला नुसते पदक होते. दुसऱ्याच्या नावावर पदक व 'लाल तारा' ही दोन्ही होती.

पदकाचा हुकूम फार त्रोटक असतो. पलटणीच्या प्रमुखाचा एकच हुकूम, त्यात पाठोपाठ वीस-पंचवीस नावे आणि प्रत्येकापुढे दोन-चार ओळी. 'लाल तारा' हे 1930 सालचे जुने मानचिन्ह. त्यासाठी पुरी शिफारस लिहावी लागे, आणि ती वाचण्यासारखी असते. वरच्या अर्ध्या भागात रकाने: आडनाव, नाव, पितृनाम, हुद्दा, जन्मवर्ष, राष्ट्रीयत्व, पक्षाचा सभासद आहे की नाही, सैन्यात केव्हापासून, जखमा किती व कोठे, आधीची पदके, कोणत्या भरतीकचेरीने बोलाविले, घरचा पत्ता. खालच्या अर्ध्यात मनुष्याने काय केले त्याची हकीकत.

त्या रविवारी माजघरात सारे घर जमले होते. डॉक्टरीणबाई एकेक शब्द लावून सांगत होत्या आणि आम्ही तो मराठीत उतरवीत होतो. जन्म 1922. सैन्यात 1941 पासून. दोनदा जखमी. काम टेलिफोनची तार टाकण्याचे व तुटलेली जोडण्याचे. तोफखान्याचा निरीक्षक पुढे बसतो, तोफा मागे असतात, आणि त्या दोहोंमध्ये जी तार जमिनीवरून जाते ती शत्रूच्या माऱ्याने घटकेघटकेस तुटते. ती हाताने चाचपीत, रांगत जाऊन तुटलेले टोक शोधावयाचे, दुसरे टोक शोधावयाचे आणि दोन्ही जोडावयाची. 1944 सालच्या हिवाळ्यातल्या एका रात्री त्याने सतरा वेळा तार जोडली असे शिफारशीत होते. अठराव्या वेळी हातास जखम झाली, तेव्हा टोक दातांनी सोलले. पलटणीच्या प्रमुखाने अधिक वरच्या मानाची शिफारस केली होती. वरच्या अधिकाऱ्याने ती खोडून 'लाल तारा' असे लिहिले होते. ही खोडाखोडही त्या कागदावर जशीच्या तशी आहे. कोणत्याही काळी, कोणत्याही खात्यात, शिफारस वर जाता जाता बारीक होते!

घरच्या पत्त्याच्या रकान्यात एका खेड्याचे नाव व आईचे नाव होते.

"लग्न झाले नव्हते वाटते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी हातातली भाजी निवडावयाची थांबविली होती.

पुस्तिका 1946 मध्ये दिलेली होती. तेव्हा युद्धातून तो जिवंत परतला, एवढे निश्चित झाले. आईला तो दिसला असेल. ही गोष्ट आमच्या घरातील स्त्रियांनी दोनतीनदा एकमेकींस सांगितली.

एक सावधगिरी येथे नमूद करतो. प्रत्येक 'लाल तारा' रणांगणावरचा असतोच असे नाही. 1944 च्या जूनपासून सैन्यात पंधरा वर्षे नोकरी पुरी करणारासही तो मिळू लागला, आणि ती पद्धत युद्धानंतर दहाबारा वर्षे चालू होती. म्हणून नुसता तारा पाहून शौर्याची कथा रचू नये. आमच्यापुढे शिफारसच होती, त्यामुळे ती शंका नव्हती.

नातवाने दुसऱ्या दिवशी जाड कागदाची सुंदर चिठ्ठी केली. देवनागरीत व रशियनमध्ये त्या मनुष्याचे नाव, जन्मवर्ष, 'तारायंत्री शिपाई' अशी अक्षरे, आणि ती पदकाखाली ठेवून पेटीस काच लाविली. शाळेतही नेऊन दाखविली. आठ दिवस घरात त्या रशियन मनुष्याविषयी इतके बोलणे झाले की, जणू तो आमच्या कोकणातल्या शाखेपैकीच कोणी असावा.

पुढल्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी सहज विचारले, "सर, पुस्तिकेतला क्रमांक व पदकावरचा क्रमांक ताडून पाहिलात ना?"

आम्ही पाहिला नव्हता. पस्तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात, गणिताच्या शिक्षकाच्या बदली तासाला उभे राहून, "ताळा करा, ताळा केल्यावाचून उत्तर लिहू नका" असे ओरडणारे आम्ही. काच काढली, पदक पालथे केले, पुतण्याने दिलेले भिंग घेतले. पदकावरचा क्रमांक सात आकडी. पुस्तिकेतला 'शौर्याबद्दल'समोरचा क्रमांक सहा आकडी. पहिल्या आकड्यापासूनच दोहोंचा मेळ नव्हता.

म्हणजे पुस्तिका एका माणसाची आणि पदक दुसऱ्या कोणाचे. जुन्या बाजारात असे घडते, हे आम्हांस मागाहून कळले. सुटे पदक कमी किमतीला जाते, कागदासह असले की अधिक येते. म्हणून कोणीतरी ह्या डब्यातले पदक व त्या डब्यातली पुस्तिका अशी लग्ने लावून देतो. ती वस्तू एकमेकांपासून मुळात तुटतात कशा, ह्यालाही इतिहास आहे. सोव्हिएट काळी मानकरी मरण पावला की त्याची पदके सरकारात परत करावी लागत. 1942 साली निघालेले 'देशभक्तियुद्ध' हे मानचिन्ह तेवढे घरी आठवणीदाखल ठेवण्याची मुभा होती. बाकीच्यांना ती 1977 साली मिळाली. पुढे 1991 मध्ये ते राज्यच मोडले, लोकांची बचत मातीमोल झाली आणि पुष्कळ म्हाताऱ्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी छातीवरची चांदी विकून पीठ-तेल आणले. रशियात आजही अशा पदकांची खरेदी-विक्री हा फौजदारी गुन्हा आहे. पण बर्लिनचा रविवारचा बाजार रशियात नाही.

नातवाच्या डोळ्यांत पाणी आले. चिठ्ठी फुकट गेली म्हणून नसावे. त्या माणसाशी त्याची ओळख झाली होती आणि आता हातातले पदक त्याचे नव्हते. थोरल्या सूनबाई समजुतीने म्हणाल्या, "राहू दे की नाव तसेच. कोणाला कळणार आहे? त्यालाही असलेच पदक मिळाले होते ना?" ह्यावर घरात दोन पक्ष पडले. आमचे बंधू, जे बँकेत होते, ते सूनबाईंच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे, चिन्ह ते चिन्ह, सारखेच. आम्ही म्हणालो की, ज्या दुसऱ्या माणसाचे हे पदक आहे त्यानेही काहीतरी केले असेलच. कदाचित तोही असाच रांगत गेला असेल. त्याच्या पदकाखाली दुसऱ्याचे नाव लिहिणे म्हणजे त्याच्या श्राद्धाला दुसऱ्याचे गोत्र उच्चारण्यासारखे आहे. बंधू म्हणाले, "तुझे नेहमीचे." वाद जेवणाच्या पानापर्यंत चालला.

वाद चालू असताना नातवाने आम्हांस दुसरा प्रश्न केला. "आपल्या घरात कोणी होते का त्या लढाईत?"

होते. आमचे धाकटे काका. मॅट्रिक होऊन नोकरी मिळेना, म्हणून 1941 साली ते भारतीय सैन्याच्या रसद-वाहतुकीच्या दलात, ज्यास त्या वेळी रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर म्हणत, कारकून म्हणून गेले आणि त्यांची नेमणूक इराणात झाली. ब्रिटिश व सोव्हिएट फौजा 1941 च्या ऑगस्टात इराणात शिरल्या, त्या काही अंशी रशियाला मदत पोचविण्याचा हा रस्ता मोकळा करण्यासाठी. इराणच्या आखातात जहाजे लागत. तेथून माल आगगाडीने, आणि खानिकीन, केरमानशाह, हमादान, कझवीन अशा डोंगरी वाटेने मालमोटारींतून तब्रीझपर्यंत जाई व तेथे रशियनांच्या स्वाधीन होई. युद्धकाळात दोस्तांकडून रशियाला जी सामग्री गेली, तिचा सुमारे चतुर्थांश ह्या इराणच्या वाटेने गेला. काका सांगत, हमादानच्या घाटात मोटारीचे तेल थिजे आणि खाली जाळ करून ते पातळ करावे लागे. तो आमच्या लहानपणी आम्हांस थापांचा प्रकार वाटे.

ह्याच दलातील दोघांना 1944 साली सोव्हिएट सरकारने 'लाल तारा' दिला. एक सुभेदार नारायणराव निकम व दुसरे हवालदार गजेंद्रसिंह चंद. गजेंद्रसिंह कुमाऊंकडील पिथोरागढचे. नारायणराव तामिळ मुलखातले. इंग्रजी कागदांत त्यांचे आडनाव दोन 'के' घालून लिहिलेले असते, पण दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांची आठवण ठेवून वाचल्यास ते आपलेच निकम आहे, असे आमचे मत आहे. म्हणजे आमच्या घरी शिफारस वाचून झालेला तो तारायंत्री आणि हे सुभेदार निकम ह्यांच्या छातीवर एकच तांबडा तारा होता. हे आम्ही नातवास सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आणि काकाआजोबांना काय मिळाले?"

त्यांना 1939-45 चे युद्धपदक मिळाले. एका बाजूस मुकुटधारी राजा, दुसरीवर सिंह. पांढऱ्या धातूचे. ह्या पदकाचा प्रकार रशियनांच्या नेमका उलट: इंग्रज शिपायांना ते कोरे मिळाले, पण भारतीय शिपायांच्या पदकांच्या कडेवर सैन्यातला क्रमांक, हुद्दा, नाव व दल अशी अक्षरे ठोकलेली असत. काकांच्या पदकावर ती होती. लहानपणी आम्ही बोट फिरवून ती वाचली आहेत. नाव आठवते, ते आमचेच आडनाव. क्रमांक आठवत नाही.

काका निपुत्रिक 1987 साली वारले. 1996 मध्ये जुना वाडा पाडावयाचा ठरला, तेव्हा माळ्यावरचा पसारा काढण्याचे काम आमच्याकडे होते. तांब्यापितळेची भांडी, फुटका बंब, घंगाळे, कुलुपे, असे सारे मोडीत घातले. काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेतील पदक, टोपीवरचा बिल्ला व पट्ट्याचे बक्कल एका फडक्यात बांधलेले होते. ते उघडून आम्ही पाहिले. पाहिले नाही, असे म्हणण्याची सोय नाही. तराजूत टाकले, तेव्हा मोडवाल्याने पांढऱ्या धातूचा भाव कमी सांगितला आणि आम्ही घासाघीस केली नाही.

हे आजवर घरात कोणास सांगितले नव्हते. त्या रात्री पाने उचलण्याच्या वेळी सांगितले. बंधू काही बोलले नाहीत. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावजी, मी ते फडके शोधत होते. दोन वर्षे शोधत होते." काका आजारी असताना त्यांची सेवा वहिनींनी केली होती.

काकांच्या नोकरीची माहिती मिळावी म्हणून आम्ही दलाच्या अभिलेख-कचेरीस पत्र घातले. उत्तर सौजन्यपूर्ण आले: सैन्यातील क्रमांक कळवावा, म्हणजे शोध घेता येईल, केवळ नावाने, तेही इतक्या जुन्या काळचे, काढणे कठीण. आम्ही जुनी पत्रे, पेन्शनचे कागद, काकूंची पोथ्यांची पिशवी, सारे धुंडाळले. काकू आमच्या आधीच्या पिढीच्या, त्यांनी पतीची पत्रे जपून ठेवली होती. इराणातून आलेल्या एका पत्रावर परीक्षकाच्या शिक्क्याखाली क्रमांकाचे पहिले तीन आकडे दिसतात. पुढचे शाईच्या डागात गेले आहेत. भिंगाने पाहिले. भिंग चांगले आहे.

पुस्तिकेचे काय करावे हा निर्णय नातवाने घेतला. ती ज्याची आहे तो मनुष्य ठाऊक आहे, त्याचे खेडेही ठाऊक आहे, तेव्हा ती तेथे गेली पाहिजे असे त्याचे म्हणणे पडले व त्यावर घरात दुमत झाले नाही. डॉक्टरीणबाईंनी त्या तालुक्याच्या ठिकाणच्या शाळेच्या नावे रशियनमध्ये पत्र लिहिले आहे. तिकडच्या शाळांतून गावच्या युद्धात गेलेल्या माणसांची लहान दालने असतात, असे त्या म्हणतात. पत्रास अद्याप उत्तर नाही. तोवर पुस्तिका देवघराच्या फडताळात, पंचांगाच्या खाली आहे.

पदक मात्र पेटीतच आहे. जुनी चिठ्ठी नातवाने काढून टाकली व नवी घातली. तीवर पदकाच्या पाठीवरचा सात आकडी क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहिला आहे आणि त्यापुढे नावाइतकी जागा कोरी सोडली आहे. शेजारी त्याने दुसरा एक रिकामा खण केला असून त्याच्या चिठ्ठीवर आमच्या काकांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, आडनाव आणि तीन आकडे आहेत.